कोल्हापुरात बसून अ‍ॅनिमेशन आणि त्याचं स्क्रिप्टिंग शिकायचंय? कुठून, काय आणि कोणत्या क्रमानं

अ‍ॅनिमेशन शिकायचंय आणि सोबत स्क्रिप्टिंग, म्हणजे कोड लिहून सॉफ्टवेअरकडून काम करून घेणं, ते पण, तर नेमकं काय वापरायचं हा प्रश्न आपल्याकडं आता बऱ्याच जणांना पडतोय, कारण कामं वाढलीत. लग्नाची व्हिडिओ पत्रिका, गणपतीत मंडळांच्या एलईडी वॉलवरचे व्हिज्युअल्स, चॅनेलचे इंट्रो हे तर आहेच, पण उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारांना पण आता आपला पंप नाहीतर व्हॉल्व्ह आतून कसा चालतो हे प्रदर्शनात दाखवायला व्हिडिओ पाहिजे असतोय. आणि या दुसऱ्या प्रकारच्या कामात स्क्रिप्ट येत नसेल तर रात्र रात्र जाते.

फुकट साहित्य नेटवर ढीगभर आहे. तरी पोरं अडकतात, आणि मला जे दिसतंय त्यात कारणं दोनच. एक म्हणजे ट्युटोरियलची आवृत्ती आणि आपल्या मशीनवरची आवृत्ती जुळत नाही. दुसरं म्हणजे 'आधी सॉफ्टवेअर पूर्ण शिकतो, मग कोडिंगचं बघू' असं ठरवलं जातं आणि ते 'मग' काही येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की स्क्रिप्टिंग पहिल्या महिन्यापासून सोबत घ्या, कारण तुम्ही माउसनं जे करताय ते सॉफ्टवेअर स्वतःच कोडमध्ये लिहून दाखवत असतंय, फक्त ते कुठं दिसतं हे माहिती पाहिजे. खाली ते सगळं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर आणि पायथॉन ही कोडिंगची भाषा धरून क्रमानं सांगतो. कमांडची नावं आपण बोलतो तशी लिहिलीत, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत करायची.

आधी फ्लॅशचा विषय मिटवूया

अजून पण कुणाच्या तरी अभ्यासक्रमात फ्लॅश नावाचं अ‍ॅनिमेशनचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याची कोडिंगची भाषा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट असतं, कुणाकडं दादाच्या जुन्या पुस्तकाची सीडी असते. म्हणून थोडक्यात. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर नावानं हे सॉफ्टवेअर आलं, त्याच वर्षी मॅक्रोमीडियानं घेतलं आणि फ्लॅश झालं, २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अ‍ॅडोबीकडं गेली. ब्राउझरमध्ये चालणारा फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फ्लॅशच्या फाइल चालायच्याच थांबल्या. बनवायचं सॉफ्टवेअर मात्र २०१६ पासून अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट या नावानं पुढं चालू राहिलं.

जुनं ट्युटोरियल समोर असेल तर पहिली गोष्ट बघायची ती अ‍ॅक्शनस्क्रिप्टचा नंबर. एक, दोन आणि तीन असे टप्पे आहेत, दोन नंबर २००३ मध्ये आला, तीन २००६ मध्ये, आणि तीनमध्ये सगळा ढाचाच बदलला. दोनमध्ये बटणावर राइट क्लिक करून थेट बटणावर कोड लिहिता यायचा, तीनमध्ये तो मार्गच काढून टाकला, सगळा कोड टाइमलाइनच्या फ्रेमवर नाहीतर वेगळ्या फाइलमध्ये, आणि बटणाला 'लिसनर', म्हणजे क्लिकची वाट बघणारा कोड, जोडायचा. दोनमध्ये अल्फा म्हणजे पारदर्शकता ० ते १०० असायची, तीनमध्ये ० ते १. त्यामुळं जुन्या पुस्तकातला ५० टाकला की चित्र अर्धवट पुसट व्हायच्या ऐवजी पूर्ण दिसत राहतं आणि पोरगं तासभर डोकं खाजवत बसतं.

आजच्या घडीला अ‍ॅनिमेट वापरायचंच असेल, म्हणजे शाळांसाठी इंटरॅक्टिव्ह धडे वगैरे करायचे असतील, तर फाइल एचटीएमएल फाइव्ह कॅनव्हास प्रकारची, म्हणजे ब्राउझरमध्ये थेट चालणारी, घ्या आणि अ‍ॅक्शनस्क्रिप्टच्या जागी जावास्क्रिप्ट शिका. तिथं क्रिएट-जेएस नावाची लायब्ररी काम करते, तिचं डॉक्युमेंटेशन फुकट वाचता येतंय. एक जागा नीट लक्षात ठेवा. अ‍ॅनिमेटच्या टाइमलाइनवर पहिली फ्रेम १ नंबरची दिसते, पण कॅनव्हासच्या कोडमध्ये मोजणी ० पासून असते. म्हणजे टाइमलाइनवरच्या १० व्या फ्रेमवर जायचं असेल तर कोडमध्ये ९ लिहायचं. सोपा मार्ग म्हणजे फ्रेमला लेबल द्या आणि नंबरऐवजी लेबलचं नाव वापरा. जुन्या एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या, फाइल नुसत्या बघायच्या असतील तर रफल नावाचा ओपन सोर्स प्लेअर आहे, त्यात बऱ्याच चालतात, अ‍ॅक्शनस्क्रिप्ट एक आणि दोनच्या जास्त चांगल्या.

फ्लॅश एवढं पुरे. नवीन शिकणाऱ्यानं माझं ऐकायचं असेल तर ब्लेंडर आणि पायथॉन. ब्लेंडर फुकट आहे, त्यात थ्रीडी आहे, ग्रीस पेन्सिल नावाचं टूडी पण आहे, व्हिडिओ एडिटिंग पण आहे, आणि त्याची स्क्रिप्टिंग भाषा पायथॉन असल्यामुळं ती शिकलेली बाहेर पण कामाला येते. आणि फुकट म्हणून कमी दर्जाचं असं मनात पण आणू नका, २०२५ मध्ये ज्या अ‍ॅनिमेशन फीचर फिल्मला ऑस्कर मिळालं ती लाटव्हियाच्या छोट्या टीमनं ब्लेंडरमध्ये केलेली आहे. २००२ मध्ये ब्लेंडरची मूळ कंपनी बंद पडल्यावर लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो गोळा करून त्याचा सोर्स कोड मोकळा करून घेतला, तेव्हापासून ते सगळ्यांचं आहे.

मशीन आणि आवृत्ती

ब्लेंडर ४ च्या मालिकेला कमीत कमी ८ जीबी रॅम आणि २ जीबीचं ग्राफिक्स लागतं असं ते स्वतःच सांगतात. सेकंडहँड मशीन घेताना आधी ग्राफिक्स कार्डाचं बघा, प्रोसेसरचं नाव नंतर. चाकाचा तीन बटणांचा माउस घ्याच, टचपॅडवर ब्लेंडर शिकणं म्हणजे उगाच स्वतःला त्रास. लॅपटॉपला बाजूचा नंबरपॅड नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये इनपुट विभागात 'इम्युलेट नंपॅड' वर टिक करा, म्हणजे वरच्या ओळीतले आकडे व्ह्यू बदलायला वापरता येतात.

डाउनलोड ब्लेंडरच्या स्वतःच्या साइटवरूनच. तिथं एलटीएस लिहिलेली आवृत्ती असते, तिला २ वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात, ४.२ एलटीएस जुलै २०२४ ला आली, ४.५ एलटीएस जुलै २०२५ ला. शिकताना यातली एक पकडा आणि हातातलं ट्युटोरियल नाहीतर काम पूर्ण होईपर्यंत बदलू नका. झिप फाइल उतरवली तर इन्स्टॉल न करता चालते, वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतात. एखादं चांगलं ट्युटोरियल जुन्या आवृत्तीचं असेल तर ती आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि तेवढ्यापुरती वापरा, जुन्या सगळ्या आवृत्त्या साइटवर ठेवलेल्या आहेत.

आणि एक मोठी रेघ डोक्यात मारून ठेवा ती म्हणजे २.८, जुलै २०१९. त्याच्या आधीचं ब्लेंडर दिसायला वेगळं, सिलेक्ट पण राइट क्लिकनं व्हायचं. व्हिडिओ २०१९ च्या आधीचा असेल तर बटणं शोधण्यातच जीव जाईल.

पहिला महिना: काय बघायचं, काय नाही

ब्लेंडरच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर 'फंडामेंटल्स' नावाची छोट्या छोट्या व्हिडिओंची मालिका आहे, तिथून सुरू करा. इंग्रजी आहे पण बोलणं सोपं आहे, सबटायटल लावून बघा. त्यानंतर अँड्र्यू प्राइस यांच्या ब्लेंडर गुरू चॅनेलवरचा डोनट, जगभरातली निम्मी पोरं तिथूनच शिकलेली आहेत. त्याच्या वेगवेगळ्या वर्षांच्या मालिका आहेत, तुमच्या आवृत्तीच्या जवळची निवडा. फक्त एक करा, डोनट बघत बघत डोनट बनवला की लगेच व्हिडिओ बंद करून तीच तंत्रं वापरून स्वतःची एक वस्तू करा. कोल्हापुरी चप्पल घ्या. तळ, अंगठा, पट्टा, वेणी, सगळं घरात हातात धरून बघता येतंय, मोजता येतंय, आणि वेणीसाठी तोच तुकडा पुन्हा पुन्हा मांडायला 'अ‍ॅरे' आणि 'कर्व्ह' हे दोन मॉडिफायर (वस्तूला न मोडता वरून लावायचे बदल) आपोआप शिकून होतात.

इंग्रजीचं टेन्शन असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. मराठीसकट अनेक भारतीय भाषांत त्यांचं साहित्य आहे, फुकट आहे, आणि पद्धत अशी की व्हिडिओ बघता बघता शेजारच्या खिडकीत आपण तेच करायचं. त्यांची ब्लेंडरची मालिका २.८ च्या आधीची आहे, म्हणून ब्लेंडरसाठी ती नको, पण पायथॉनच्या मुळाक्षरांसाठी तिथं जरूर जा.

अ‍ॅनिमेशन मात्र सॉफ्टवेअरमध्ये शिकायला मिळत नाही, ते बघून येतं. वजन, थांबा, अंदाज देणारी छोटी उलटी हालचाल, वेग धरणं आणि सोडणं, अशा गोष्टी १२ तत्त्वं म्हणून ओळखल्या जातात आणि त्यावर भरपूर व्हिडिओ आहेत, एक चांगला बघा आणि मग बाहेर पडा. आपल्याकडं बघायला काय कमी आहे. शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच लागली की फोन घेऊन बसा, किक मारण्याआधी खेळाडूचा पाय किती मागं जातोय, खांदे कुठं वळतायत हे शूट करा. तालमीत वस्तादांची परवानगी घेऊन पैलवान डाव टाकताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं जातं ते शूट करा. मग तो व्हिडिओ ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याच्या मागं बॅकग्राउंड म्हणून लावा आणि फ्रेम फ्रेम बघा. फोन बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेमनं शूट करतो आणि ब्लेंडर सुरुवातीला २४ वर असतंय, तेवढं आउटपुट सेटिंगमध्ये ३० करून घ्या, नाहीतर रेफरन्स आणि तुमची हालचाल एकमेकांपासून सरकत जाते.

चित्र काढायची सवय असेल तर सोन्याहून पिवळं. बाबूराव पेंटरांनी याच गावात पडदे रंगवले, पोस्टर रंगवली आणि कॅमेरा पण स्वतः बनवला. कला वेगळी आणि यंत्र वेगळं असं त्यांनी मानलं नाही, आणि मला वाटतं अ‍ॅनिमेशन करणाऱ्यानं तर अजिबात मानू नये.

आता स्क्रिप्टिंग, आणि यासाठी बाहेर कुठं जायची गरज नाही

ब्लेंडर उघडा, वरच्या पट्टीत शेवटाकडं 'स्क्रिप्टिंग' नावाचा टॅब आहे. तो दाबला की स्क्रीनचे तुकडे होतात. मधे मोठी जागा कोड लिहायला, एका बाजूला कन्सोल, म्हणजे एकेक ओळ टाइप करून लगेच चालवायची जागा, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक खिडकी, तिचं नाव इन्फो. ही इन्फो खिडकी म्हणजे या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट.

क्यूब सिलेक्ट करा, कीबोर्डवर 'जी' हे बटण दाबून थोडा हलवा, क्लिक करा. इन्फोमध्ये एक लांबलचक ओळ आली बघा, बीपीवाय डॉट ऑप्स डॉट ट्रान्सफॉर्म डॉट ट्रान्सलेट (बीपीवाय म्हणजे पायथॉनला ब्लेंडरशी जोडणारं मोड्यूल), आणि कंसात तुम्ही किती हलवलं ते आकडे. आता शिफ्ट ए दाबून नवीन गोळा आणा, आणखी एक ओळ. ती ओळ सिलेक्ट करून कॉपी करा, मधल्या जागेत 'न्यू' दाबून वर 'इम्पोर्ट बीपीवाय' लिहा, खाली ती ओळ पेस्ट करा, ऑल्ट पी दाबा. दुसरा गोळा आला. तुमची पहिली स्क्रिप्ट झाली आणि तुम्ही ती पाठ केलेली नाही.

यानंतर प्रेफरन्सेसच्या इंटरफेस विभागात दोन टिक करून ठेवा, 'डेव्हलपर एक्स्ट्राज' आणि 'पायथॉन टूलटिप्स'. आता कुठल्याही बटणावर माउस थांबवला की त्याचं पायथॉनमधलं नाव दिसतंय. कुठल्याही आकड्याच्या खान्यावर राइट क्लिक केलं की 'कॉपी फुल डेटा पाथ' मिळतं, म्हणजे लाइटची पॉवर कोडमधून बदलायची असेल तर नाव शोधत बसायचं नाही, कॉपी, पेस्ट, पुढं बरोबरचं चिन्ह आणि आकडा. कन्सोलमध्ये अर्धं नाव टाइप करून टॅब दाबलं की पुढचे पर्याय येतात. आणि कोड एडिटरच्या 'टेम्प्लेट्स' मेनूत पायथॉनचे चालू नमुने दिलेले आहेत, साधा ऑपरेटर, साधं पॅनेल वगैरे, स्वतःचं बटण बनवायचं झालं की तिथूनच उचलायचं.

डोक्यात तीन कप्पे करा. बीपीवाय डॉट डेटा म्हणजे फाइलमध्ये जे जे काही आहे ते सगळं, नावानं हाक मारून मिळतं. बीपीवाय डॉट कॉन्टेक्स्ट म्हणजे या क्षणी काय सिलेक्ट आहे, कोणता सीन उघडा आहे. बीपीवाय डॉट ऑप्स म्हणजे बटण दाबल्यासारखं काम करून घेणं. इन्फोमधून कॉपी केलेलं सगळं ऑप्स असतं, आणि ऑप्सची खोड अशी की ते सिलेक्शन आणि मोडवर अवलंबून असतंय. 'कॉन्टेक्स्ट इज इनकरेक्ट' असा एरर आला की समजायचं, कमांड बरोबर आहे पण जागा किंवा मोड चुकलाय. म्हणून पहिले थोडे दिवस ऑप्स, मग जमेल तिथं डेटावर यायचं.

पायथॉन म्हणाल तर यासाठी लागतं ते थोडंसंच. व्हेरिएबल, लिस्ट, फॉर लूप, इफ, फंक्शन, इम्पोर्ट. पायथॉनच्या अधिकृत ट्युटोरियलमधली सुरुवातीची प्रकरणं पुरतात. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा पायथॉनमध्ये अर्थाची असते, यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमधून कॉपी केलेला कोड तिथंच मोडतो, हे लक्षात ठेवा.

एक खरं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा एका कारखानदाराला पंपाचा असेंब्ली व्हिडिओ पाहिजे, ४० पार्ट आहेत, एकेक पार्ट वरून येऊन आपल्या जागी बसतोय असं दाखवायचंय. हातानं केलं तर प्रत्येकाला दोन कीफ्रेम (या फ्रेमला वस्तू या जागी, अशी खूण) म्हणजे ८० कीफ्रेम. आणि ते झाल्यावर साहेब म्हणणार, "थोडं सावकाश होऊ दे की." मग सगळं पुन्हा.

आधी मॉडेल. कारखान्याकडं कॅडची, म्हणजे पार्ट डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरची, स्टेप फाइल असते, ती ब्लेंडर थेट घेत नाही. त्यांच्या डिझायनरकडून प्रत्येक पार्टची वेगळी एसटीएल (ब्लेंडर घेतं असा मॉडेलच्या फाइलचा प्रकार) मागा, नाहीतर फ्री-कॅडमध्ये स्टेप उघडून स्वतः एकेक पार्ट बाहेर काढा. सगळी असेंब्ली एकाच एसटीएलमध्ये आली तर पार्ट एकमेकांना चिकटून एकच तुकडा होतो, मग एडिट मोडमध्ये पी दाबून 'बाय लूज पार्ट्स' करावं लागतं. एसटीएलमध्ये आकडे नुसते असतात, एकक नसतंय, त्यामुळं १०० मिलिमीटरचा पार्ट ब्लेंडरमध्ये १०० मीटरचा होऊन बसतो. इम्पोर्ट करताना स्केल ०.००१ ठेवा.

मग पार्टना नावं द्या, ज्या क्रमानं बसणार त्या क्रमानं, आणि आकडा पुढं शून्य लावून, ०१ बॉडी, ०२ गास्केट असं. शून्य का, तर स्क्रिप्ट नावाच्या क्रमानं लावते आणि अक्षरांच्या हिशोबात १० हा २ च्या आधी येतो. सगळे पार्ट एका कलेक्शनमध्ये, म्हणजे ब्लेंडरमधल्या फोल्डरसारख्या गटात, टाका.

आता स्क्रिप्टचं काम बोलून सांगतो. कलेक्शनमधल्या ऑब्जेक्टची लिस्ट घे, नावानं लाव. लूप चालव, प्रत्येकाला क्रमांक. सुरुवातीची फ्रेम म्हणजे १ अधिक क्रमांक गुणिले ६. पार्टची मूळ जागा लक्षात ठेव. पार्ट अर्धा मीटर वर उचल आणि सुरुवातीच्या फ्रेमवर 'कीफ्रेम इन्सर्ट' कर, लोकेशन या नावानं. परत मूळ जागेवर ठेव आणि २० फ्रेम पुढं दुसरी कीफ्रेम टाक. संपलं. दहा-बारा ओळींचा कोड होतो. अर्धा मीटर हा आकडा अर्थात पंपाच्या मापाप्रमाणं बदलायचा.

इथं एक बारीक खाच आहे. साहेबांनी सावकाश म्हटल्यावर तुम्ही ६ चे १० कराल आणि परत चालवाल. पण त्यावेळी टाइमलाइन मधेच कुठं उभी असेल तर काही पार्ट हवेत असतील, आणि स्क्रिप्ट त्या हवेतल्या जागेलाच मूळ जागा समजेल. पंप परत बसणारच नाही. म्हणून पहिल्यांदा चालवताना मूळ जागा त्या ऑब्जेक्टच्याच कस्टम प्रॉपर्टीमध्ये, म्हणजे त्याला आपण जोडलेल्या माहितीच्या खान्यात, साठवायची, आणि पुढच्या वेळी प्रॉपर्टी आधीच असेल तर तिच्यातूनच वाचायची. सोबत प्रत्येक वेळी सुरुवातीला 'अ‍ॅनिमेशन डेटा क्लिअर' करायचं म्हणजे जुन्या कीफ्रेम राहत नाहीत. एवढं केलं की ती स्क्रिप्ट कितीही वेळा चालवा, आणि पुढच्या कारखान्याच्या व्हॉल्व्हला पण तीच चालते.

बोल्ट फिरत आत जाताना दाखवायचा असेल तर आणखी दोन गोष्टी. इम्पोर्ट केलेल्या पार्टचा ओरिजिन, म्हणजे ज्या बिंदूभोवती तो फिरतो तो, त्या पार्टच्या मधे नसतो, 'ओरिजिन टू जॉमेट्री' करून घ्या, नाहीतर बोल्ट स्वतःभोवती न फिरता सगळ्या पंपाला प्रदक्षिणा घालतो. आणि कोडमध्ये कोन रेडियनमध्ये असतात, ९० लिहिलं तर भलतंच फिरतंय, ९० अंश म्हणजे १.५७०८, किंवा मॅथ मोड्यूलचं रेडियन्स फंक्शन वापरा.

सतत फिरणाऱ्या इम्पेलरला, म्हणजे पंपातल्या पात्यांच्या चाकाला, तर स्क्रिप्ट पण नको, ड्रायव्हर, म्हणजे खान्यातच लिहायचं सूत्र, पुरतो. झेड रोटेशनच्या खान्यात हॅश टाइप करून 'फ्रेम गुणिले ०.०६२८' लिहा आणि एंटर. १०० फ्रेमला एक पूर्ण फेरा, कारण पूर्ण फेरा ६.२८३२ रेडियनचा. वेग वाढवायचा तर आकडा वाढवा. खाना जांभळा झाला की ड्रायव्हर लागला.

दुसऱ्याकडून आलेल्या ब्लेंड फाइलमध्ये स्क्रिप्ट असू शकते, ब्लेंडर ती आपोआप चालवायला नाही म्हणतं आणि तुम्हाला विचारतं. ओळखीच्या माणसाची फाइल नसेल तर परवानगी देऊ नका.

मराठी अक्षरं

हे कुठल्याच इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. ब्लेंडरच्या थ्रीडी टेक्स्टमध्ये देवनागरी टाकली की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसते. पत्रिकेत नवरदेवाचं नाव असं आलं तर कसं चालेल. उपाय असा, इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात युनिकोड फॉन्टनं नाव लिहा, मुक्त किंवा बलू सारखे 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मोकळे फॉन्ट छान आहेत. मग पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ', एसव्हीजी म्हणून सेव्ह, आणि ब्लेंडरमध्ये एसव्हीजी इम्पोर्ट. ते अगदी बारकं येतं आणि जमिनीवर आडवं पडलेलं असतंय, सगळे तुकडे सिलेक्ट करून मोठं करा, एक्सवर ९० अंश उभं करा, मग एक्सट्रूड देऊन जाडी आणा. मजकूर बदलला की हे परत करावं लागतं, म्हणून नावं फायनल झाल्याचं घरच्यांकडून लिहून घ्या.

रेंडर

रेंडर म्हणजे सीनमधून शेवटची चित्रं काढणं, ते थेट एमपीफोर व्हिडिओमध्ये लावू नका. १० सेकंद, २५ च्या हिशोबानं २५० फ्रेम, एका फ्रेमला मिनिट धरलं तरी ४ तासांच्या वर. मधेच लाइट गेली की अर्धवट एमपीफोर वाया जातो. पीएनजीच्या एकेक फ्रेम काढा, आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट' ची टिक काढा, म्हणजे लाइट आल्यावर परत सुरू केलं की झालेल्या फ्रेम सोडून पुढून चालू होतंय. लाइट गेली तेव्हा जी फ्रेम चालू होती तिची फाइल तेवढी तपासा, अर्धवट असेल तर उडवून टाका. शेवटी सगळ्या फ्रेम ब्लेंडरच्याच व्हिडिओ सिक्वेन्सरमध्ये टाकून व्हिडिओ करा.

एआयकडून कोड घेताना, आणि क्लास लावताना

चॅटबॉटला विचारून कोड मिळतो आणि बऱ्याचदा चालतो पण. पण त्याच्याकडं सगळ्या आवृत्त्यांचा कोड एकत्र कालवलेला असतोय. ब्लेंडरच्या ईव्ही नावाच्या रेंडर इंजिनचंच, म्हणजे चित्र काढणाऱ्या भागाचंच, बघा. कोडमधलं त्याचं नाव आधी 'ब्लेंडर ईव्ही' होतं, ४.२ मध्ये 'ब्लेंडर ईव्ही नेक्स्ट' झालं, आणि ५.० मध्ये परत 'ब्लेंडर ईव्ही'. एकच ओळ, एका आवृत्तीत चालते, दुसरीत एरर. म्हणून विचारतानाच आवृत्ती सांगा, आणि एरर आला की ब्लेंडरच्या पायथॉन एपीआयच्या, म्हणजे कमांडच्या अधिकृत यादीच्या, पानावर जाऊन तुमच्या आवृत्तीचं नाव निवडून खात्री करा. प्रत्येक नवीन आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये पायथॉनचा वेगळा भाग असतो, काय मोडलं ते तिथं लिहिलेलं असतंय. आणि न समजलेली ओळ फाइलमध्ये ठेवू नका, ती ओळ काय करते ते त्यालाच विचारा.

क्लास लावायचाच असेल, राजारामपुरीत असो का शाहूपुरीत, तर फी विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारा. कोणती आवृत्ती शिकवता. आधीच्या बॅचच्या पोरांनी केलेली ब्लेंड फाइल उघडून दाखवता का, नुसता व्हिडिओ नको. आणि शिकवणाऱ्या सरांनी किंवा मॅडमनी गेल्या वर्षभरात बाहेरचं काय काम केलंय. उत्तरं नीट मिळाली तर क्लासचा फायदा आहेच, शेजारी कुणी बसून शिकत असलं की उत्साह राहतो, आणि मशीन घरी नसेल तर तोच मार्ग. फी मात्र टप्प्याटप्प्यानं द्या.

अडलं की विचारायला ब्लेंडर स्टॅक एक्स्चेंज ही प्रश्नोत्तरांची साइट उत्तम आहे, पण तिथं नीट विचारावं लागतं. ब्लेंडरची पूर्ण आवृत्ती, विंडोज का लिनक्स, काय व्हायला पाहिजे होतं आणि काय झालं, एररचा सगळा मजकूर फोटो न काढता कॉपी करून. विंडोजवर एररचा पूर्ण मजकूर बघायला विंडो मेनूत 'टॉगल सिस्टिम कन्सोल' आहे, तो उघडून परत स्क्रिप्ट चालवा. शेवटची ओळ आधी वाचा, मग तिच्या वरचा लाइन नंबर बघा. निम्म्या वेळा प्रश्न टाकायच्या आधीच उत्तर तिथं सापडतंय. सोबत छोटी फाइल जोडा, कारखान्याचं मॉडेल असेल तर ते काढून त्या जागी साधे क्यूब ठेवून, कारण ते डिझाइन त्यांचं आहे, बाहेर जाता कामा नये.